रांगेतला कागद

तलासरी तालुक्यातल्या एका गावात माझा आतेभाऊ सेवा केंद्र चालवतो. दहा बाय बाराची खोली, एक संगणक, एक लॅपटॉप, दोघांना मिळून एक लेझर प्रिंटर. बाहेर बाकड्यावर कायम पाच-सहा माणसं बसलेली. जूनमध्ये ही संख्या तिप्पट होते. शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू होतात म्हणून जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले हवे असतात, पेरणी तोंडावर येते म्हणून सातबारे हवे असतात. अशाच एका जूनमध्ये मी चार दिवस त्याच्याकडे राहायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर संगणक चालतो, लेझर प्रिंटर चालत नाही. त्याचा हीटर इन्व्हर्टरला झेपत नाही. दादा काम थांबवायला तयार नव्हता. तो उतारे काढत गेला, प्रिंटचं बटण दाबत गेला. शेजारी लॅपटॉपवर बसलेला मुलगाही तेच करत होता. तासाभराने वीज आली आणि प्रिंटरने साठलेलं सगळं एका दमात बाहेर ओकलं. गर्दी उठून आत आली. नावं पुकारत कागद वाटले गेले. एका म्हाताऱ्या बाबांनी आपला सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवला, पिशवी कमरेला खोचली आणि ते चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. सातबारा त्यांचा नव्हता. गाव तेच, आडनाव तेच, पहिलं नावही सारखंच. वडिलांचं नाव आणि गट नंबर वेगळा. बाबांना वाचता येत नाही. सोसायटीतल्या माणसाने पाहिल्यावर चूक कळली. एक दिवसाची मजुरी आणि दोन वेळचं जीपचं भाडं गेलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काल मशिनीतून माझाच निघाला होता ना?" दादा म्हणाला, "नाही बाबा, चूक माझी. बसा, चहा घ्या." त्याने नवा उतारा काढून त्यांच्या हातात दिला आणि गट नंबर मोठ्याने वाचून दाखवला.

माझं शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं. चूक कुठे झाली हे मला लगेच कळलं, आणि ती किती जुनी आहे हे आठवून ओशाळल्यासारखं झालं. दोन यंत्रांवरून आलेली कामं एका प्रिंटरवर एकत्र आली की कुठला कागद कोणाचा, हा प्रश्न साठेक वर्षांपासूनचा आहे. त्यावर हुशार लोकांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं आहे. ते घरी परतल्यावर मी पुन्हा वाचून काढलं.

सुरुवात वाट पाहण्यापासून होते. १९५९ साली आयबीएमने १४०१ हा संगणक आणि त्याच्यासोबत १४०३ हा प्रिंटर आणला. मिनिटाला सहाशे ओळी, म्हणजे त्या काळी अफाट वेग. तरीही मोठ्या संगणकाच्या मानाने तो गोगलगाय होता. छपाई संपेपर्यंत लाखो डॉलरचं यंत्र हात बांधून बसायचं. तेव्हा छापायचा मजकूर आधी चुंबकीय टेपवर उतरवायचा आणि ती टेप दुसऱ्या स्वस्त संगणकाला देऊन सावकाश छापून घ्यायची, अशी रीत पडली. पुढे टेपच्या जागी डिस्क आली आणि या रीतीला 'स्पूलिंग' हे नाव रुळलं. काम रांगेत ठेवायचं आणि आपण मोकळं व्हायचं. दादा वीज नसताना बटण दाबत होता तेव्हा तो हेच करत होता. स्पूलिंगने यंत्राची वाट पाहणं संपवलं. माणसाचं संपवलं नाही, बाकड्यावर नेऊन बसवलं.

१४०३ मध्ये ठरावीक अक्षरांची साखळी फिरायची. त्यात रोमन अक्षरं होती. वेलांटी, उकार, जोडाक्षरं असलेली आपली लिपी अशा साखळीत बसणं शक्य नव्हतं. त्यासाठी अक्षराला ठिपक्यांचं चित्र मानावं लागतं. ती वाट गॅरी स्टार्कवेदर या झेरॉक्सच्या अभियंत्याने मोकळी केली. कॉपी काढायच्या यंत्रात मूळ कागदाऐवजी लेझरच्या किरणाने चित्र काढायचं, ही त्याची कल्पना. न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच्या वरिष्ठांना ती पटेना. १९७१ साली तो कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत गेला आणि त्याच वर्षी त्याचं यंत्र चालू झालं. १९७७ साली आलेला झेरॉक्स ९७०० सेकंदाला दोन पानं छापायचा.

याच पार्कमध्ये १९७३ साली बॉब मेटकाफने इथरनेटचं टिपण लिहिलं. आज आपण इथरनेट म्हटलं की इंटरनेटची तार समजतो. पण प्रयोगशाळेतले टेबलावरचे संगणक त्या एका महागड्या लेझर प्रिंटरला जोडायचे, हे तिच्या मागचं एक ठोस कारण होतं. अनेकांनी एक प्रिंटर वाटून घेणं ही गरज आधी आली, तार तिच्या मागून आली. दादाच्या खोलीतही तसंच झालं. दुसरा प्रिंटर परवडत नाही, म्हणून तार टाकली.

प्रिंटर वाटून घेतला की तो दूर जातो. मग तिथे काय चाललंय हे कळत नाही. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमनने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय केली होती: कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर निरोप जायचा, कोणीतरी उठून कागद सोडवायचा. १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर झेरॉक्सने दिला नाही, त्यामुळे ही सोय बसवता येईना. ज्याच्याकडे तो मजकूर होता त्यानेही करारावर बोट ठेवून नकार दिला. स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली, तिच्या मुळाशी तो हा प्रसंग सांगत आला आहे. आम्ही कॉलेजात ही गोष्ट स्वातंत्र्याची म्हणून ऐकली. तलासरीहून आल्यावर मला ती वाट पाहणाऱ्या माणसाची वाटते. तुझा कागद अडकला आहे, हे त्याला कोण सांगणार?

बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये छपाईच्या रांगेचा जो प्रोग्रॅम होता, त्याचे नियम १९९० साली आरएफसी ११७९ या दस्तऐवजात लिहून काढले गेले. प्रत्येक कामासोबत एक छोटी नियंत्रण फाइल जाते. तिच्यात एकेका अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी असतात. 'पी' म्हणजे काम कोणाचं, 'जे' म्हणजे कामाचं नाव. 'एम' असेल तर छापून झाल्यावर त्या माणसाला मेल पाठवायची. आणि 'एल' असेल तर कामाच्या कागदांसोबत एक वेगळं पान छापायचं, त्यावर मालकाचं नाव. गठ्ठा पाहिला की हे कोणाचं ते दुरून कळावं, कागद एकमेकांत मिसळू नयेत.

म्हणजे त्या बाबांच्या अडचणीवर तोडगा फार पूर्वीच निघाला होता. फक्त तो वाचता येणाऱ्यांसाठी होता. त्यांच्या उताऱ्यावर मोठ्या अक्षरांत नाव छापलं असतं, तरी ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. आणि नाव तर दोघांचं सारखंच होतं.

पुढचे शोध भराभर आले. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की पार्कमधून बाहेर पडले, त्यांनी १९८२ साली अडोबी काढली. त्यांच्या पोस्टस्क्रिप्टने पानाचं वर्णन कोणत्याही एका प्रिंटरच्या तंत्रातून सोडवलं. त्याच घराण्यातून १९९३ साली पीडीएफ आली, जिच्यात अक्षरांचे साचेही सोबत नेता येतात. मराठीपुरतं हे मोठंच काम झालं. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डापासून अनेकांनी संगणकावर देवनागरी आणली, पण ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा होता. एका संगणकावरचा मराठी अर्ज दुसऱ्यावर उघडला की तिथे फॉन्ट नसल्यामुळे नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. युनिकोड आणि पीडीएफ रुळल्यावर ते दिवस सरले.

१९९९ साली इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती आली. यात काम कोणत्या अवस्थेत आहे हे विचारता येतं: थांबलेलं, छापलं जात असलेलं, रद्द, अर्धवट सोडलेलं, पूर्ण. प्रिंटर आपण का थांबलो हेही सांगू शकतो: कागद संपला, कागद अडकला. स्टॉलमनने जुगाड म्हणून केलेली सोय आता नियमातच आली. त्याच वर्षी मायकेल स्वीटने कप्स ही प्रणाली लोकांसाठी खुली केली. आज लिनक्स आणि मॅकवर छपाई तिच्याच जोरावर चालते. कार्यालयांमध्ये याहून पुढची सोय आहे. काम रांगेत थांबतं आणि तुम्ही प्रिंटरपाशी जाऊन आपलं कार्ड लावल्याशिवाय कागद बाहेर येत नाही. माझ्या ऑफिसात तसा प्रिंटर आहे. आम्ही त्यावर बहुतेक विमानाची तिकिटं छापतो.

या सगळ्या शोधांनी कागद हळूहळू यंत्रापासून सुटा केला. सातबाऱ्याचंही तेच झालं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला. गाव नमुना सात आणि बारा तलाठ्याच्या दप्तरात असायचे आणि नक्कल हवी तर त्याच्या हाताने, त्याच्या वेळेने मिळायची. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपयांत कोणीही, कुठूनही काढावा. त्यावर पडताळणी क्रमांक असतो, त्यामुळे कोणत्या प्रिंटरवर छापला याला महत्त्व उरलं नाही. नक्कल करून देण्यातली सत्ता संपली.

पण या भागात कागदाचा इतिहास नकलेपुरता नाही. डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात वारली माणूस कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायचा आणि वेठीला जुंपला जायचा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबायची; त्यांना लग्नगडी म्हणत. कागदावर काय लिहिलंय हे त्यांना सावकारच सांगणार. २३ मे १९४५ रोजी झरी गावात, जे आज तलासरी तालुक्यात आहे, वारल्यांची परिषद भरली आणि वेठ बंद करायचं ठरलं. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदुताईंच्या नावाने खोटा निरोप फिरवून लोकांना तिथे जमवलं गेलं होतं. निरोप खरा कोणाचा, हे पडताळायची सोय त्या माणसांकडे नव्हती.

त्यानंतर वेठ गेली, जमिनीचा प्रश्न राहिला. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा आला, त्याच्या मागण्यांमध्ये या कायद्याची अंमलबजावणी होती. डिजिटल सातबारा सुरू झाला तो यानंतर दोन महिन्यांच्या आतच. एकीकडे पायाला फोड येईतो चालणारी माणसं जमिनीवर नाव लागावं म्हणून चालत होती, दुसरीकडे लागलेल्या नावाची प्रत काढणं कधी नव्हे इतकं सोपं होत होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसरं काम चांगलं करतो. पहिलं काम आमच्या हातात नाही, पण दुसरं झालं की पहिलंही झालं असं बोलायची आम्हाला खोड आहे.

निघायच्या आदल्या रात्री मी दादाच्या संगणकावर थोडं काम केलं. त्यात नवा शोध काहीच नव्हता. एकाच प्रिंटरच्या दोन वेगळ्या रांगा होत्या, त्या संगणकावर एकत्र केल्या. प्रिंटर बंद असेल तर कामं थोपवून ठेवायची आणि वीज आल्यावर दादाने एकेक सोडायचं, अशी मांडणी केली. उतारा सोडण्याआधी पडद्यावर पूर्ण नाव आणि गट नंबर मोठ्या अक्षरांत येईल असं केलं. तो वाचायचा दादाने, आणि माणसाने "हो, माझाच" म्हटल्यावर बटण दाबायचं. कार्डाच्या जागी माणसाचा आवाज.

दादाने सगळं पाहिलं आणि विचारलं, "यात वेळ जास्त जाईल ना रे?" जाईल, मी म्हटलं. माणशी पंधरा-वीस सेकंद. त्याने बाहेरच्या रिकाम्या बाकड्याकडे पाहत थोडा हिशेब केला. मग म्हणाला, "चालेल. बाबांचा दिवस गेला होता."