तबकडीची गती

बेळगावला खेटून वसलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. विणकरांचे आणि सराफांचे हे गाव. संस्थाने विलीन झाली, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सीमारेषा बदलल्या. परंतु या परिसराची गाण्याची आवड मात्र कोणत्याही सीमारेषेने अडविली नाही. ही आवड ज्या साधनाने घरोघरी पोहोचविली ते म्हणजे चावीचा ग्रामोफोन आणि त्यावर फिरणारी लाखेची काळी तबकडी. ती तबकडी किती वेगाने फिरावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. प्रत्यक्षात गेल्या सव्वाशे वर्षांतील ध्वनिसंग्रहाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्त्यात प्रारंभ झाला. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी त्या वर्षाच्या नोव्हेंबरात गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून गायिका शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदा येथे कारखाना निघाला आणि ध्वनिमुद्रिकांचा प्रसार वाढला.

या आरंभीच्या काळात गतीचा एकच एक दंडक नव्हता. कोणी मिनिटाला सत्तरच्या आसपास फेरे धरून मुद्रण करी, तर कोणी ऐंशीच्याही पुढे जाई. विजेच्या मोटारी आल्यानंतरच अठ्ठ्याहत्तर ही संख्या रूढ झाली. घरातील ग्रामोफोनला तर वीजही नसे. त्याच्या स्प्रिंगची ओढ सारखी राहावी म्हणून आत फिरत्या वजनांचा एक नियामक बसविलेला असे आणि बाहेरचा लहान स्क्रू फिरवून गती कमीअधिक करता येई. चावी उतरू लागली की गाणारा जणू थकल्यासारखा खाली येई, ही गोष्ट तेव्हाच्या प्रत्येक घराला परिचित होती.

या फरकाचे मोल गणिताने पाहावे. मिनिटाला ७२ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर सव्वातीन मिनिटांचे गाणे तीन मिनिटांतच संपते आणि षड्ज अर्ध्या स्वराहून अधिक वर चढतो. लय द्रुत होते, तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात आणि भरदार आवाज पातळ व चिरका वाटू लागतो. राग तोच राहतो, कारण सर्व स्वर एकाच प्रमाणात चढतात; पण गायकाची प्रकृती बदलते.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा बालक मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवीत असे. पुढे कुमार गंधर्व या नावाने तो कीर्तीस चढला आणि १९३६ मध्ये मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे रीतसर शिकू लागला. गुरूच्या आधी ज्याने तबकडीकडून तालीम घेतली, अशा मुलाच्या कानी पडलेली गती हीच त्याची पहिली लय. ध्वनिमुद्रिका केवळ करमणुकीची वस्तू नव्हती. ती विद्येची वाहकही होती, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

काळ पालटला. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला सव्वातेहेतीसच्या थोड्या वर, म्हणजे ३३ १/३ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आली. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क अवतरली. या नव्या तबकडीवर सुई नाही, भोंगा नाही. प्रत्येक सेकंदाला स्वराचे ४४,१०० नमुने घेऊन ते अंकांत साठविलेले असतात आणि लेसरचा किरण ते वाचतो. पुढे घरच्या संगणकावर कोरी तबकडी ‘जाळून’ तिच्यावर मजकूर उतरविण्याची सोय झाली आणि जुन्या मुद्रिकांच्या प्रती काढण्याचे काम संग्राहकांच्या आवाक्यात आले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा संग्राहकांना एकत्र आणले.

येथे गतीचा प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहिला. मूळची एकपट गती म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. तिने चौऱ्याहत्तर मिनिटांची तबकडी भरण्यास चौऱ्याहत्तर मिनिटेच लागत. काही वर्षांतच बावन्नपट गतीची यंत्रे आली. त्यांत तबकडी मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते आणि काम तीन मिनिटांच्या आसपास उरकते. परंतु कोऱ्या तबकडीवर रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. किरणाच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. वेग फार वाढला की प्रत्येक खुणेला मिळणारा अवधी घटतो, किरणाची शक्ती वाढवावी लागते आणि तबकडी किंचित जरी डोलली तरी खुणा पुसट होतात. याउलट, जलद लेखनासाठी घडविलेल्या थरावर अतिमंद गतीने लिहिले, तर उष्णता आजूबाजूस पसरून खुणांच्या कडा बिघडू शकतात. ‘जितके सावकाश तितके उत्तम’ हा जुना समज म्हणून सर्वत्र लागू पडत नाही. बावन्नपट छाप असलेल्या तबकडीस सोळा ते चोवीसपट, आणि सोळापट डीव्हीडीस आठपट, अशी मधली गती अनुभवाने बहुधा भरवशाची ठरली आहे. शहापूरच्या विणकराला हे सांगावयास नको. सुताची जात पाहूनच मागाची चाल ठरते.

गाण्याच्या तबकडीत एखादा अंक हरवला, तर यंत्र शेजारच्या अंकांवरून अंदाज बांधून ती जागा भरून काढते आणि कानास पत्ताही लागत नाही. संगणकावरील खेळाच्या तबकडीस ही सवलत नाही. तेथे एक आज्ञा चुकली की सारा खेळ ठप्प होतो. म्हणूनच अशा तबकडीवरील २,३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात प्रत्यक्ष मजकुराला २,०४८ बाइटच दिले असून उरलेल्या जागेचा मोठा भाग चुका ओळखण्यासाठी व सुधारण्यासाठी राखलेला आहे. एवढे संरक्षण असूनही उतावळेपणाने जाळलेली प्रत फसते. विकत घेतलेल्या संगणक-प्रणालीची प्रत केवळ नाशापासून संरक्षण म्हणून जवळ ठेवण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पुढील दुरुस्तीनुसार, मुभा आहे. ती प्रत गरजेच्या वेळी चाललीच नाही, तर त्या मुभेचा उपयोग काय?

यातून काही व्यावहारिक नियम निष्पन्न होतात. जुन्या मुद्रिकेची गती केवळ ‘अठ्ठ्याहत्तर’ हा शब्द वाचून ठरवू नये. ७७ रेषांचे वर्तुळ तबकडीवर ठेवून विजेच्या दिव्याखाली पाहावे. आपल्याकडील दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, म्हणून रेषा स्थिर भासल्या की गती ७७.९२ झाली असे समजावे. त्यानंतर साथीच्या हार्मोनियमचा स्वर व गायकाची नेहमीची पट्टी यांच्याशी ताडून पाहावे. नवी प्रत जाळल्यावर ती मुळाशी पडताळून घ्यावी, निदान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि ऊन व उष्णता यांपासून त्या जपाव्यात. बेळगाव भागातील पावसाळ्याचा ओलावा लाखेच्या तबकडीवर बुरशी आणतो, हेही विसरू नये.

या सीमाभागातील जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा कितीतरी तबकड्या आजही पडून असतील. काही गाण्यांची एखादीच प्रत जगात उरलेली असते आणि ती फुटली की तो आवाज कायमचा गेला. चुकीच्या गतीने उतरविलेला आवाज पुढची पिढी खरा मानून चालते, आणि घाईने जाळलेली प्रत पुढे उघडतच नाही. तबकडी हाती घेणाऱ्याने गतीचा विचार आधी करावा. सुई ठेवण्याची वा कळ दाबण्याची वेळ त्यानंतरची.