माहूरच्या डोंगराशी आपला काय संबंध?

माहूरला जाऊन आलो असं सांगितलं की मला दोन्हीकडून एकच प्रश्न ऐकावा लागतो. मशिदीबाहेर भेटणारे विचारतात, "सर, देवीच्या डोंगराशी आपला काय संबंध?" शिक्षकांच्या खोलीत शब्द जरा मवाळ असतात, "तुम्ही? आणि माहूरला?" अर्थ तोच. म्हणून हा संबंध एकदा नीट लिहून काढतो.

नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. कोल्हापूर आणि तुळजापूर ही दुसरी दोन, वणीची सप्तशृंगी अर्धी. दाट झाडीच्या डोंगरांत रेणुका, दत्त आणि अनसूया यांची शिखरं, जवळच जुना किल्ला, वळसा घालून जाणारी पैनगंगा. याच परिसरात सोनापीर बाबांचा दर्गा आहे आणि शेख फरीद यांच्या नावाचा धबधबाही.

मी गेलो तो एका सहकारी शिक्षकासोबत, त्याच्या आईला पायऱ्यांवर आधार द्यायला. काकूंचे गुडघे दुखतात, पण वारी चुकवायची नाही हा त्यांचा हट्ट. गाभाऱ्यात रेणुकेची पूर्ण मूर्ती नाही, शेंदरी मुखाचा तांदळा आहे. परशुरामाने वडिलांच्या आज्ञेवरून आईचं शिर उडवलं, ती कथा या जागेशी जोडलेली. मी हात जोडले नाहीत. नमाज पढणाऱ्या माणसाने तिथं भक्तीचं सोंग आणणं मला पटत नाही, आणि तो भक्तांचाही अपमान होईल. एका बाजूला उभं राहून पाहत होतो. कुणी हटकलं नाही. बाहेर विडा कुटल्याचा खळखळाट चालू होता. इथं देवीचा प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल.

उतरताना काकू एका पायरीवर टेकल्या. मी त्यांना सांगितलं की, या देवळाची नोंद अकबराच्या दरबारातल्या लेखकाने केली आहे. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने वऱ्हाड सुभ्यातल्या माहूरबद्दल लिहिलंय: डोंगरावर मजबूत किल्ला, लागून दुर्गेचं देऊळ, तिला इथले लोक जगद्धात्री म्हणतात. आणि पुढे, इथल्या म्हशी इतक्या चांगल्या की अर्धा मण आणि त्याहून जास्त दूध देतात. काकू हसल्या. "देवीचं लिहिलं ते ठीक, पण म्हशींचं अगदी बरोबर लिहिलं बघ त्यानं."

चांदबीबीने 1596 च्या तहात वऱ्हाड मोगलांना दिला, त्यानंतरची ही नोंद. पण माहूरची गोष्ट त्याआधीची आहे. बहमनी काळात हा किल्ला वऱ्हाडची मोठी चौकी होता. 1480 च्या सुमारास महमूद गवानने मोठ्या सुभ्यांचे तुकडे केले, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग झाले, गाविल आणि माहूर. माहूरवर आला खुदावंद खान हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा सरदार. गाविलवर फतहुल्ला इमादुल्मुल्क, जो जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण होता. त्यानेच पुढे वऱ्हाडची इमादशाही उभी केली.

नंतरच्या शतकात माहूर उदाराम या दख्खनी ब्राह्मण सरदाराकडे होतं. तो आधी मलिक अंबरच्या बाजूला होता, नंतर मोगलांकडे गेला. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, 1623 मध्ये बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळत होता. त्या पळापळीत त्याने आपले हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामच्या हवाली केलं आणि तो गोवळकोंड्याकडे निघून गेला. ज्याच्यामागे बादशाही फौज लागली होती, त्या शहाजाद्याने भरवसा टाकला तो देवीच्या डोंगरावरच्या ब्राह्मणावर.

याच घराण्यातली रायबागन. राय म्हणजे राजेशाही, बागन म्हणजे वाघीण. हा किताब औरंगजेबाने दिला अशी परंपरा आहे. फेब्रुवारी 1661 मध्ये उंबरखिंडीत कारतलब खान शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला, तेव्हा ती मोगली फौजेत होती. 'शिवभारत' या संस्कृत काव्यात कवींद्र परमानंदाने हा प्रसंग सविस्तर दिला आहे. रानात फौज घुसवल्याबद्दल तिने खानाला चार शब्द सुनावले आणि शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने ऐकलं. महाराजांनी खंडणी घेऊन फौजेला वाट दिली.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मग रायबागन आपली की त्यांची?" फळ्याकडे वळून मी थोडा वेळ घेतला. तिच्या डोक्यात दोन खाने आधीच तयार होते. ते तिने घरून आणले नव्हते, शाळेतून, टीव्हीतून, मोबाइलमधून गोळा केले होते. रायबागन त्यातल्या एकातही बसत नव्हती, म्हणून तिला प्रश्न पडला.

त्या काळी माणसं वतनासाठी, जहागिरीसाठी, दिल्या शब्दासाठी लढत. धर्म होताच, आणि धर्माच्या नावाने अत्याचारही झाले. देवळं पाडल्याच्या नोंदी फारसी तवारिखांत आहेत, त्या झाकून ठेवायचं कारण नाही. पण फौजा धर्माप्रमाणे वाटल्या गेल्या नव्हत्या. आजच्या मोर्च्यांचा नकाशा 1661 वर अंथरला की खुदावंद खान, उदाराम, रायबागन ही माणसं त्याच्याबाहेर पडतात, आणि त्यांच्यासोबत माहूरचा अर्धा इतिहासही.

आपल्या मुलांचं यात दुहेरी नुकसान होतं. या मातीच्या इतिहासात आपण फक्त शत्रू म्हणून आहोत असं त्यांना वाटू लागतं, आणि मग ती इतिहासाचं पुस्तकच मिटतात. उर्दू शाळेतला मुलगा फारसी नोंदींतले किताब आणि हुद्दे थोड्या मदतीने समजून घेऊ शकतो. मराठी बखरीही त्याच्या आवाक्यात आहेत. ही दोन्ही दारं ज्याच्यासाठी उघडी आहेत, त्यानेच बाहेर उभं राहावं, हे मला मान्य नाही.

यंदा सहलीसाठी मी माहूरचं नाव सुचवलं आहे. किल्ला, दर्गा, पैनगंगा आणि ज्यांना बघायचं असेल त्यांच्यासाठी देवीचं शिखर. दोन पालकांनी संमतीपत्र अजून दिलेलं नाही. येत्या शुक्रवारी त्यांना भेटायला जाणार आहे. सोबत अबुल फजलची ती नोंद उर्दूत उतरवून नेतोय, म्हशींच्या दुधासकट.