खांद्यावरचे कोकरू : रोमन शिल्पापासून गोव्याच्या हस्तिदंतापर्यंत एका प्रतिमेचा प्रवास

रोमन कलेपासून मध्ययुगीन ख्रिस्ती कलेपर्यंतच्या स्थित्यंतराचा इतिहास दीर्घकाळ अवनतीचा इतिहास म्हणून सांगितला गेला. इटलीतील चित्रकार व चरित्रकार जॉर्जो वासारी याने १५५० साली प्रसिद्ध केलेल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथात ही मांडणी केली आणि पुराव्यादाखल रोम येथील कॉन्स्टंटाईनच्या कमानीकडे बोट दाखविले. इ. स. ३१५ मधील या कमानीत ट्रेजन, हेड्रियन व मार्कस ऑरेलियस या पूर्वीच्या सम्राटांच्या स्मारकांतून काढलेली शिल्पे बसविलेली असून त्यांच्या शेजारीच कॉन्स्टंटाईनच्या काळातील नवे शिल्पपट्ट आहेत. जुन्या शिल्पांतील शरीरे प्रमाणबद्ध, वळणदार आणि गतिमान आहेत. नव्या पट्टांतील माणसे बुटकी, मोठ्या डोक्यांची व एका ओळीत उभी. हा विरोध पाहून रोमन कारागिरांचे कौशल्यच लोपले होते, असा निष्कर्ष वासारीने काढला आणि पुढील कित्येक पिढ्यांनी तो मान्य केला.

मराठीच्या अभ्यासकास ही विचारसरणी अपरिचित वाटू नये. पतंजलीने महाभाष्यात ‘गौः’ या शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता असे अपभ्रंश नोंदविले आहेत. ‘अपभ्रंश’ म्हणजे खाली घसरलेले. परंतु घसरलेली म्हणून हिणविलेल्या अशाच लोकरूपांच्या परंपरेतून प्राकृत भाषा आणि कालांतराने मराठी सिद्ध झाली. लॅटिनच्या लोकरूपांतून इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज या भाषा घडल्या, त्याचीही हीच कथा होय. भाषेच्या बाबतीत आज कोणी याला अवनती म्हणत नाही. मग कलेच्या बाबतीत तो शब्द कितपत टिकतो, हे एखाद्या प्रतिमेचा शब्दाप्रमाणे मागोवा घेऊन तपासणे योग्य ठरेल. खांद्यावर कोकरू घेतलेल्या मेंढपाळाची प्रतिमा या कामी विशेष सोयीची आहे. कारण तिचा माग ग्रीसपासून रोममार्गे थेट गोव्यापर्यंत लागतो.

मुळात ही प्रतिमा व्यवहारातून उचललेली आहे. पिके निघाल्यावर यवतमाळच्या रानांत मेंढरे बसविणारा धनगर असो की भूमध्य समुद्राकाठचा मेंढपाळ असो, चालू न शकणारे कोकरू त्याला उचलून घ्यावेच लागते. ग्रीक शिल्पकारांनी या कृतीला धार्मिक अर्थ दिला. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व ५६० च्या सुमाराच्या संगमरवरी पुतळ्यात एक दाढीधारी पुरुष खांद्यावर वासरू घेऊन, त्याचे चारही पाय छातीशी धरून उभा आहे. ते वासरू देवीला अर्पण करावयाचे आहे. म्हणजे येथे खांद्यावरचा प्राणी बळी आहे. पुढे रोमन शवपेट्यांवर, विशेषतः इ. स. च्या तिसऱ्या शतकात, हाच मेंढपाळ पुन्हा दिसू लागतो. मात्र बळीचा अर्थ मागे पडून तो आता नगराच्या धकाधकीपासून दूर असलेल्या शांत जीवनाचे व भूतदयेचे चिन्ह झालेला आहे.

त्याच शतकात रोममधील ख्रिस्ती लोकांनी आपल्या भूमिगत दफनभूमींच्या छतांवर हे चित्र काढले. प्रिसिल्ला आणि कॅलिक्स्टस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दफनभूमींत ते आजही पाहावयास मिळते. आखूड अंगरखा, दाढीविरहित तरुण चेहरा, खांद्यावर मेंढरू : यातील एकही रेषा नवी नाही. नवा आहे तो केवळ पाहणारा. हरवलेल्या मेंढराचा लूककृत शुभवर्तमानातील दृष्टान्त आणि योहानकृत शुभवर्तमानातील ‘उत्तम मेंढपाळ’ ज्यास ठाऊक आहे, त्याला या चित्रात तारणारा दिसतो. इतरांस नेहमीचा मेंढपाळ दिसतो. छळाची टांगती तलवार असलेल्या समाजाला ही द्व्यर्थता सोयीची होती. सीरियातील युफ्रेटीस नदीकाठच्या दुरा-युरोपॉस या नगरात १९३१-३२ साली उत्खननात सापडलेल्या प्रार्थनागृहात बाप्तिस्म्याच्या कुंडावर हाच मेंढपाळ चितारलेला आहे. इ. स. २५६ च्या सुमारास हे नगर सासानी सैन्याने जिंकले. तेव्हा चित्र त्यापूर्वीचे, हे निश्चित.

इ. स. ३१३ नंतर परिस्थिती पालटली. ख्रिस्ती धर्मास राजमान्यता मिळाली आणि लपण्याचे कारण उरले नाही. न्यायनिवाड्यासाठी व व्यवहारासाठी बांधल्या जाणाऱ्या ‘बॅसिलिका’ या रोमन सभागृहाचा आराखडा चर्चसाठी स्वीकारला गेला. जेथे न्यायाधीश बसे त्या अर्धवर्तुळाकार भागात वेदी आली. प्रतिमेतही तसाच पालट झाला. राव्हेन्ना येथील गाला प्लासिडियाच्या स्मारकात, पाचव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात, दारावरील कमानीत मेंढपाळ बसलेला आहे. अंगात सोनेरी वस्त्र, त्यावर जांभळे उपवस्त्र, मस्तकामागे प्रभावलय, हाती काठीऐवजी क्रूस. भोवती सहा मेंढरे आहेत. पण खांद्यावर एकही नाही. सम्राट भार वाहत नसतो.

त्याच राव्हेन्नाजवळ क्लासे येथील, इ. स. ५४९ मध्ये अभिषिक्त झालेल्या संत अपोलिनारिसच्या चर्चमध्ये पुढचा टप्पा दिसतो. बारा मेंढरे दोन्ही बाजूंस सारख्या अंतरावर ओळीने उभी आहेत आणि मध्ये बाहू उंचावून उभा आहे तो बिशप अपोलिनारिस. मेंढपाळाचे स्थान धर्माधिकाऱ्याने घेतले. बिशपच्या हातातील वक्र टोकाचा दंड आजही मेंढपाळाच्या आकडीची आठवण देतो. ख्रिस्ताची प्रतिमा मात्र वर वर सरकत गेली. बाराव्या शतकात फ्रान्समधील ओतँ येथील चर्चच्या दरवाजावर तो अंतिम न्यायाचा अधिपती म्हणून बसलेला आहे. खांद्यावर कोकरू घेतलेला तरुण मध्ययुगीन कलेत क्वचितच आढळतो.

या वाटचालीत शरीर सपाट झाले, छाया नाहीशा झाल्या, सर्व आकृत्या समोर पाहू लागल्या. परंतु हे कसब विसरल्याचे लक्षण मानता येत नाही. काचेच्या थरांत सोन्याचा वर्ख बसवून, त्यांचे बारीक तुकडे करून, ते किंचित निरनिराळ्या कोनांत जडविण्याचे कौशल्य राव्हेन्नाच्या कारागिरांत होते. त्यांना शरीराचे वजन दाखवावयाचे नव्हते, भक्ताकडे रोखलेली दृष्टी दाखवावयाची होती. व्हिएन्नातील कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०१ साली उत्तरकालीन रोमन कलेवरील ग्रंथात हाच मुद्दा मांडला : प्रत्येक युगाची आपली एक कलाप्रेरणा असते आणि तिच्या कसोटीवरच त्या युगाचे काम पारखावे.

मध्ययुगात मागे पडलेली ही प्रतिमा सतराव्या शतकात गोव्यात नव्या जोमाने अवतरली. पश्चिम भारताचा आणि रोमन जगाचा हस्तिदंताशी निगडित संबंध त्याहून फार जुना होता. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती मराठवाड्यातील तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. तेव्हा घडविलेले हस्तिदंत येथून तिकडे गेले होते. सतराव्या शतकात तिकडची प्रतिमा येथे येऊन हस्तिदंतात घडली.

गोव्याच्या या मूर्तीत मेंढपाळ हा बालक आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगराच्या माथ्यावर तो बसलेला असतो. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. एका हातावर गाल टेकलेला आणि डोळे मिटलेले. खाली झऱ्यावर पाणी पिणारे प्राणी-पक्षी आणि तळाच्या गुहेत पहुडलेली मेरी माग्दालेन. असा मेंढपाळ ना रोमच्या दफनभूमीत आहे, ना राव्हेन्नात. काही अभ्यासकांना त्याच्या मिटल्या डोळ्यांत ध्यानस्थ बुद्धाची, तर बालरूपात गोपाळकृष्णाची छाया दिसते. कारागिराच्या मनात नेमके काय होते हे मूर्तीवरून सिद्ध होत नाही. तथापि अशा मूर्ती घडविणाऱ्यांत स्थानिक कारागीर होते, हे निर्विवाद. ख्रिस्ती मूर्तींचे काम ख्रिस्तेतर कारागिरांना देऊ नये, असे गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेस १५६७ साली ठरवावे लागले, यावरूनच तशी प्रथा असल्याचे दिसते. याच प्रदेशात इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने बायबलची कथा मराठी ओवीत रचली आणि ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ओवीने आणि हस्तिदंताने एकाच काळी एकच कार्य केले : परकी कथा येथल्या बसण्याउठण्याच्या, ऐकण्यापाहण्याच्या रीतीत आणली.

बळी, भूतदया, तारणारा, सम्राट, निद्रिस्त बालक : एवढे अर्थ या एका प्रतिमेने धारण केले. प्रत्येक अर्थांतराच्या वेळी रूपात काही गळाले आणि काही नव्याने आले. यांपैकी एकच रूप शुद्ध आणि बाकीची भ्रष्ट, असे ठरविण्यास इतिहासात आधार नाही.

हा निष्कर्ष युरोपपुरता मर्यादित नाही. यवतमाळजवळ लोहारा येथील कमळेश्वराच्या हेमाडपंती देवालयासारख्या वास्तूंचा विचार करताना अजिंठा-वेरूळचे माप हाती घेऊन ‘उत्तरकालीन’ हा कालवाचक शब्द ‘निकृष्ट’ या अर्थाने वापरण्याचा मोह होतो. त्या मोहात पडले म्हणजे वासारीची चूक वऱ्हाडात पुन्हा घडते. मूर्ती कोणासाठी घडविली, ती कोठून पाहिली जावी अशी अपेक्षा होती आणि पूर्वीच्या रूपातून कारागिराने काय ठेवले व काय सोडले, हे प्रश्न आधी विचारावेत. मूल्यनिर्णयाची वेळ त्यानंतरची.