प्रभावळ की ठिणगी? किर्लियन छायाचित्रांची कथा

१/ सन १९३९. दक्षिण रशियातील क्रास्नोदार शहर. विद्युत उपकरणे दुरुस्त करणाऱ्या सेम्यॉन किर्लियन यांना उपचाराच्या एका यंत्रात रुग्णाची त्वचा आणि विद्युताग्र यांच्यामध्ये क्षणभर प्रकाश चमकताना दिसला. तो टिपावा कसा?

२/ कॅमेऱ्याची गरजच नव्हती. पत्नी व्हॅलेंतिना यांच्यासह त्यांनी घरीच, अंधारात, धातूच्या पत्र्यावर फिल्म ठेवली, तिच्यावर झाडाचे पान ठेवले आणि पत्र्याला उच्च दाबाचा विद्युतप्रवाह जोडला. पानाच्या कडेने उडालेल्या ठिणग्यांच्याच उजेडात फिल्मवर त्याचे तेजोवलय उमटले.

३/ १९७० च्या दशकात ही छायाचित्रे पाश्चात्त्य देशांत गाजली. वलय म्हणजे प्राणशक्ती, त्यावरून रोग आणि मनःस्थिती कळते, असे दावे होऊ लागले.

४/ १९७६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनाने त्याचे मुख्य कारण दाखवून दिले: ओलावा. बोट घामेजले की वलय बदलते. मनःस्थितीने घाम बदलतो, म्हणूनच तो भ्रम इतका पटण्याजोगा होता.

५/ किर्लियन दांपत्याने टिपलेला प्रकाश खराच होता. तो हवेतील विद्युत विसर्जनाचा होता. अशा छायाचित्रावरून कोणी आपले भविष्य सांगू लागल्यास त्याच्याकडे एखाद्या नाण्याचेही छायाचित्र मागावे. निर्जीव नाण्याभोवतीही तसेच वलय उमटते.