युनिक्सचें मॅन्युअल आणि त्याचे राखणदार

गतसालचें पंचांग पाहून कोणी लग्नाचा मुहूर्त धरीत नाहीं. परंतु संगणकाच्या प्रोग्रॅमांविषयीं लिहिलेलें मॅन्युअल दहा वर्षांपूर्वींचें असलें तरी लोक त्यावर बिनदिक्कत विसंबतात आणि फसतात. पंचांगाच्या मुखपृष्ठावर शक छापलेला असतो; मॅन्युअलच्या पानावर शिळेपणाची खूण अशी दिसत नाहीं. मजकूर पूर्वींइतकाच शुद्ध, वाक्यें पूर्वींइतकींच ठाम. फक्त ज्याचें वर्णन केलें तें मात्र बदलून गेलेलें. हा दोष लेखकांच्या आळसामुळें उद्भवतो असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास पाहतां तो आम्हांस टिकण्याजोगा वाटत नाहीं, म्हणून एका प्रसिद्ध मॅन्युअलचा वृत्तांत येथें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं 1969 सालीं युनिक्स नांवाची प्रणाली रचण्यास आरंभ केला. संगणकाचें यंत्र आणि त्यावरील प्रोग्रॅम यांच्यामध्यें कारभाऱ्याचें काम करणारी ती व्यवस्था होय. तिच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ति 3 नोव्हेंबर 1971 या तारखेची आहे. तिच्या प्रस्तावनेंतच ग्रंथकारांनीं आपली अडचण उघड केली आहे. प्रणाली इतक्या झपाट्यानें बदलत होती कीं, पुढचीं प्रकरणें लिहून होत आहेत तोंच मागचीं दुरुस्त करावीं लागलीं. मौज अशी कीं, मॅन्युअलांत वर्णिलेले कित्येक प्रोग्रॅम खुद्द मॅन्युअल तयार करण्याच्या सोयीसाठींच लिहिले गेले होते!

या मॅन्युअलच्या पानांची घडण लक्षांत घेण्याजोगी आहे. प्रत्येक पानावर एका आज्ञेचें किंवा फंक्शनचें नांव, तें वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित पानांचा निर्देश अशीं ठराविक सदरें असत. त्यांखालीं ‘दोष’ असें एक सदर असे, आणि आपल्या कृतींत काय चुकतें हें कर्ता त्यांत स्वतःच लिही. विकाऊ मालाच्या माहितीपत्रकांत असलें सदर कोणास आढळावयाचें नाहीं. पहिल्या आवृत्तींत याशिवाय ‘धनी’ असेंहि सदर होतें. अडचण आल्यास कोणास गांठावें हें त्यांतील आद्याक्षरांवरून कळे. 1979 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत तें नाहींसें झालेलें दिसतें. तोंवर प्रणालीचा पसारा वाढून ती प्रयोगशाळेबाहेर विद्यापीठांत पोंचली होती.

आवृत्ति हा शब्द आम्ही सहज वापरला, पण त्यांत या इतिहासाचें मर्म आहे. 1975 सालच्या युनिक्सला ‘सहावी आवृत्ति’ म्हणतात, 1979 सालच्या युनिक्सला ‘सातवी’. या आवृत्त्या प्रणालीच्या नव्हत, मॅन्युअलच्या होत. प्रणाली रोज बदले, तिला मुक्काम असा नव्हताच. ग्रंथ छापावयाची वेळ आली म्हणजे तेवढा मुक्काम पडे, आणि प्रणालीस ग्रंथावरून नांव मिळे. त्या विभागाचे प्रमुख व मॅन्युअलचे एक संपादक डग्लस मॅक्इलरॉय यांनीं पुढें एका मुलाखतींत सांगितलें आहे कीं, नवी आवृत्ति निघावयाची झाली म्हणजे सर्वत्र धांदल उडे. प्रोग्रॅममधील ओंगळ भाग कागदावर उतरला कीं, हें छापण्याजोगें नव्हे असें कर्त्यालाच वाटे, आणि मग वर्णन सुलभ व्हावें म्हणून तो प्रोग्रॅमच सुधारी. म्हणजे लेखणीचा वचक हत्यारावर होता. मॅन्युअल खरें राहिलें तें लेखक उद्योगी होते एवढ्यानेंच नव्हे. लिहिणारा आणि बदलणारा एकच होता, आणि लिहितांना जें खुपे तें बदलण्याचा अधिकार त्याच्या हातीं होता.

ही सांगड पुढें तुटली. 1983 सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि युनिक्ससारखी, पण मुक्त, प्रणाली रचण्याचा संकल्प सोडला. मुक्त म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां, बदलतां व वांटतां यावा अशी. पुढच्या दशकांत त्यांनीं असेंहि प्रतिपादिलें कीं, मॅन्युअलहि तितकेंच मुक्त असलें पाहिजे. कारण ज्यास प्रोग्रॅम बदलतां येतो त्यास मॅन्युअल बदलतां येत नसेल, तर त्याची प्रत्येक सुधारणा मॅन्युअलला खोटें पाडील. पर्ल भाषेचें उदाहरण त्यांनीं दिलें: भाषा मुक्त, पण ती शिकविणारीं प्रचारांतील पुस्तकें मात्र मुक्त नव्हत. हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटतो. परंतु परवान्यानें दुरुस्तीची वाट खुली होते, तीवरून चालणारा माणूस निर्माण होत नाहीं.

1991 सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स कर्नल प्रसिद्ध केलें. ग्नूच्या सी लायब्ररीशीं त्याची जोड जमली. फाइल उघडणें, वेळ मोजणें, दुसऱ्या यंत्राशीं बोलणें इत्यादि कामांचीं तयार फंक्शनें या लायब्ररींत असतात, आणि बहुतेक प्रोग्रॅम कर्नलकडे जातात ते तिच्याच द्वारें. येथें मॅन्युअलची स्थिति चमत्कारिक झाली. कर्नल एका मंडळीच्या हातीं, लायब्ररी दुसऱ्या मंडळीच्या हातीं, आणि दोहोंचें वर्णन करणारीं पानें तिसऱ्याच हातीं. लायब्ररीचें स्वतःचें निराळें मॅन्युअल आहेच. तरी प्रोग्रॅम लिहिणारा जुन्या संवयीनें युनिक्सच्या घाटाचींच पानें उघडतो. हीं पानें 1995 पासून आंद्रिस ब्रौवर या डच गणितज्ञांनीं व 2004 पासून मायकेल केरिस्क यांनीं सांभाळलीं. हजारों लोकांनीं बदलावें आणि एकानें लिहावें, असा हा व्यवहार.

तरीहि केरिस्क यांच्या कारकीर्दींत एक प्रसंग असा घडला कीं, त्यावरून जुनी सांगड पुन्हा जुळूं शकते हें दिसतें. 2007 सालीं कर्नलच्या 2.6.22 या आवृत्तींत टायमरएफडी नांवाची नवी सोय आली. तिच्या योगें प्रोग्रॅमला गजराचें घड्याळ एखाद्या फाइलप्रमाणें हाताळतां येई. केरिस्क तिचें पान लिहावयास बसले. लिहितां लिहितां त्यांस आढळलें कीं, लावलेला गजर आणखी किती वेळानें होणार हें विचारण्याचा मार्गच तींत ठेविलेला नाहीं; युनिक्सच्या जुन्या घड्याळांत तो होता. त्यांनीं हरकत घेतली. सोय पुढच्याच आवृत्तींत बंद करण्यांत आली आणि 2008 सालीं 2.6.25 मध्यें नव्या रचनेनें परत आली. एकदां प्रोग्रॅम तीवर विसंबूं लागले असते तर ती उणीव काढणें फार अवघड गेलें असतें. पान लिहिणारा पहिला चिकित्सक वाचक ठरला, आणि त्याचें ऐकलें गेलें.

यंत्राकडूनच मॅन्युअल तपासून घ्यावें असाहि एक उपाय निघाला आहे. टिम पीटर्स यांचें डॉकटेस्ट हें साधन 2001 सालीं पायथन भाषेच्या 2.1 आवृत्तीबरोबर आलें. मजकुरांतील उदाहरणें तें चालवून पाहतें आणि उत्तर छापल्याप्रमाणें न आल्यास तक्रार करतें. उपाय मोठा उपयुक्त, यांत शंका नाहीं. पण उदाहरणाभोंवतालचीं वाक्यें, म्हणजे हें फंक्शन केव्हां वापरावें, केव्हां टाळावें, अपयश आल्यास काय समजावें, तीं यंत्रास तपासतां येत नाहींत. आणि वाचकाची फसगत बहुधा तेथेंच होते.

केरिस्क यांच्यामागून आलेहान्द्रो कोलोमार यांनीं त्या पानांचा भार घेतला. 2024 च्या सप्टेंबरांत त्यांनीं जाहीर केलें कीं, हें काम आपण फावल्या वेळीं विनावेतन करीत आलों, यापुढें द्रव्यसाहाय्याविना तें चालविणें शक्य नाहीं. मोठमोठ्या कंपन्यांचीं यंत्रें ज्या कर्नलवर चालतात त्याच्या मॅन्युअलची ही अवस्था! पुढें कांहीं कंपन्यांनीं साहाय्य देऊं केलें आणि काम पुन्हा सुरू झालें. कर्नलची नवी आवृत्ति मात्र त्या अवधींतहि दर नऊ-दहा आठवड्यांच्या नेमानें निघतच होती.