तांबट, लोहार आणि संशोधक

वॉटने किटलीचे उसळणारे झाकण पाहिले आणि त्याला वाफेचे इंजिन सुचले, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. गोष्ट गोड आहे. पण तिने आपले एक नुकसान केले आहे. शोध म्हणजे डोक्यात चमकलेली कल्पना, आणि ती चमकली की पुढचे सारे आपोआप घडते, असा आपला ग्रह तिने करून दिला. वाफेच्या इंजिनाचा खरा इतिहास पाहू लागले म्हणजे मात्र कल्पनेला एक दिवस आणि सुट्या भागांना अकरा वर्षे, असा हिशेब हाती येतो. ही अकरा वर्षे कुठे गेली, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम एका परिचित वस्तूकडे वळू. जुन्या मराठी घरात आंघोळीचे पाणी तापवायला तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीवर निखारे आणि नळीभोवती पाणी. विस्तव पाण्याला शिवत नाही, राख पाण्यात मिसळत नाही, परंतु नळीच्या पातळ भिंतीतून उष्णता मात्र इकडची तिकडे जाते. आजच्या यंत्रशास्त्रात ज्याला उष्णता-विनिमयक म्हणतात, त्याचे सारे मर्म या बंबात आहे. तांबे घ्यायचे कारण ते उष्णता लवकर वाहून नेते. पत्रा पातळ ठेवायचा तोही याच कारणाने. आणि सगळी परीक्षा सांध्यांची. नळी जिथे बुडाला मिळते तिथला डाख सुटला की पाणी निखाऱ्यांवर आणि बंब अडगळीत! पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांनी कागदावर आकृती न काढता हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले.

आता ग्लासगोकडे येऊ. १७६३-६४ च्या हिवाळ्यात जेम्स वॉट या उपकरणे दुरुस्त करणाऱ्या तरुणाकडे विद्यापीठातले न्यूकोमेनच्या इंजिनाचे एक नमुनायंत्र दुरुस्तीला आले. त्या इंजिनात वाफ सिलिंडरमध्ये शिरे आणि तिथेच थंड पाणी मारून तिचे पाणी केले जाई. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा निववायचा. कोळशाची ही केवढी उधळपट्टी! १७६५ साली वॉटला सुचले की वाफ निववण्याचे काम निराळ्या भांड्यात करावे आणि सिलिंडर सदा तापलेलाच ठेवावा. पहिली प्रतिकृती त्याने झटपट जुळवली. शरीरशास्त्राच्या कामातली पितळी पिचकारी, पावणेदोन इंच व्यासाची व दहा इंच लांबीची, हा त्याचा सिलिंडर. आणि कथिल चढवलेल्या पत्र्याच्या दोन बारीक नळ्या थंड पाण्यात बुडवलेल्या, हे त्याचे शीतक. या खेळण्याने सुमारे अठरा पौंडांचे वजन उचलले. कल्पना सिद्ध झाली.

अडचण सुरू झाली ती पुढे, मोठे यंत्र करू लागल्यावर. न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवून फट बुजवीत. वॉटला तो मार्ग बंद होता, कारण पाण्याने सिलिंडर निवला असता आणि साऱ्या शोधावरच पाणी पडले असते! मग त्याने बूच, तेलातल्या चिंध्या, काथ्या, जुन्या टोप्या, कागद, फार काय घोड्याची लीद देखील घालून पाहिली. सिलिंडर आतून खरा गोल असता तर यांपैकी कशाचीच गरज नव्हती. पण तसा तो त्याला मिळेना. भागीदार रोबक याचा कॅरनच्या लोखंड कारखान्याशी संबंध होता, तरी तिथले ओतकामही त्याला पुरे पडले नाही. जॉन स्मीटनसारख्या जाणत्या अभियंत्याने तर स्पष्ट मत दिले की, असे यंत्र अचूक बनवू शकणारी हत्यारे अस्तित्वात नाहीत आणि माणसेही नाहीत. याच काळात वॉटने एका पत्रात आपला म्हातारा पत्रेकाम करणारा कारागीर वारल्याचे कळवळून लिहिले आहे. पेटंट मिळाले, ते ५ जानेवारी १७६९ चे. आणि संशोधकाचे घोडे एका पत्रेवाल्याच्या मृत्यूने अडले होते!

१७७३ मध्ये रोबकचे दिवाळे निघाले, आणि त्याचा हिस्सा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडे आला. खरी सुटका केली ती जॉन विल्किन्सनने. त्याने १७७४ साली तोफा कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. सिलिंडर कोरण्यासाठी त्याने निराळी रचना केली: पोकळ सिलिंडरच्या आरपार जाणारा दांडा दोन्ही टोकांना आधारलेला ठेवला, त्यामुळे पाते लवेनासे झाले. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असा निर्वाळा बोल्टनने दिला. मार्च १७७६ मध्ये ब्लूमफील्डच्या खाणीवर इंजिन चालू झाले. तोफांसाठी कमावलेली कला खाणीतले पाणी उपसायला उपयोगी पडली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

शीतकाचे घोडे मात्र पुढेही अडलेच. नळ्यांचे शीतक बाजूला ठेवून वॉटने वाफेवर सरळ पाण्याची धार सोडण्याची सोपी रीत स्वीकारली. जहाजावर ही रीत जाचक ठरे, कारण थंड पाणी खारे; तेच बॉयलरमध्ये गेले की मिठाचे थर बसत. १८३४ साली सॅम्युअल हॉलने नळ्यांचे शीतक पुन्हा पुढे आणले. १८३८ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘सिरियस’ बोटीवर ते होते. तरी वंगणाच्या चरबीने नळ्या तुंबत, आणि त्याचा सार्वत्रिक वापर व्हायला आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली.

मी नोकरीनिमित्त गाझियाबादेस राहतो. तिथल्या बुलंदशहर रोडवरच्या औद्योगिक वसाहतीत हिंडताना या इतिहासाचा पडताळा अजूनही मिळतो. जाड चकतीला शेकडो भोके पाडायची, प्रत्येक भोकात नळी बसवायची, आणि आतून रूळ फिरवून ती किंचित फुगवायची, की ती चकतीला घट्ट धरते. जास्त फुगवली तर नळी चिरते, कमी फुगवली तर गळते. अखेर आत पाणी भरून दाब देतात आणि सगळे गप्प उभे राहून थेंबाची वाट पाहतात. आकृती आणणारा गृहस्थ त्या वेळी सर्वांत अधिक अस्वस्थ दिसतो. तिथला मिस्त्री सर्वांत कमी.

आपल्या देशात या विद्येची सुरुवात कोणी केली? १८२८ साली कलकत्त्यास टिटागडच्या गोलोकचंद्र नावाच्या लोहाराने स्वतः बनवलेले वाफेचे इंजिन प्रदर्शनात मांडले आणि पन्नास रुपयांचे बक्षीस मिळवले. मुंबईत हा मान गोदीच्या वाडिया घराण्यातील अर्देशिर खरशेटजींचा. १८३३ साली त्यांनी एक अश्वशक्तीचे इंजिन तयार करून विहिरीचे पाणी उपसायला लावले. त्याच वर्षी ‘इंडस’ ही साठ टनी बोट त्यांनी पाण्यात सोडली. तिचे इंजिन मात्र विलायतेहून आणावे लागले. १८३४ च्या मार्चमध्ये त्यांच्या माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लागले, आणि ते पाहायला गव्हर्नर स्वतः गेले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले; हा मान मिळालेले ते पहिले भारतीय.

एकट्या माणसाला हे कसे साधले, असे विचारणाऱ्याने मुंबईची गोदी डोळ्यांपुढे आणावी. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून आले तेव्हापासून तिथे सुतार, लोहार आणि जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा जडवणारे कारागीर यांची परंपरा जमत आलेली होती. वॉटला जे माणूसबळ गावोगाव शोधावे लागले, ते अर्देशिरांच्या दाराशी होते. म्हणून मला त्यांच्या रॉयल सोसायटीपेक्षा १८५१ साल अधिक मोलाचे वाटते. त्या वर्षी त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात लोटली. अठरा वर्षांपूर्वी बोटीचे इंजिन बाहेरून आणणाऱ्या या माणसाने या बोटीचा एकूण एक भाग आपल्या घरच्या ओतशाळेत तयार करवून घेतला होता.