ढाक

आमच्या नारायण पेठेतला केसरीवाड्याचा गणपती मानाचा पाचवा आणि तिसरा गुरुजी तालीम. गणपतीच्या नावात तालीम कशी, असं परगावचे पाहुणे हमखास विचारतात. अहो, पुण्यात पेठापेठांतून तालमी होत्या! केसरीवाड्याच्या टिळकांनीसुद्धा १८७३ मध्ये कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष व्यायामातच घालवलं. त्या वर्षी अभ्यास मागे पडला. असो.

तालमीत डाव शिकायचा तो लाल मातीत. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली माती. पण तिथे गड्याला नुसतं आपटून भागत नाही, पाठ टेकवून चीतपट करावं लागतं. गादीवरच्या कुस्तीत मात्र नुसत्या फेकीलाही गुण, आणि वेळेची मर्यादा.

हा फरक खाशाबा जाधवांना थेट लंडनमध्ये झेलावा लागला. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी मातीत वाढलेला. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये सवय नसलेल्या गादीवर, अनोळखी नियमांत, तरीही सहावा! (मला तर पुढच्या पदकाइतकंच याचंही कौतुक वाटतं.)

त्यांचा हुकमी डाव ढाक: समोरच्याची मान काखेत आवळायची आणि गर्रकन वळून त्याला खाली आणायचं. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. तिथे ५७ किलो गटात कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांसमोर उभे राहतात.